‘आमच्याकडे तसं काही घडत नाही’



जून उजाडला की मला फोन यायला लागतात. कोणी इंदूरहून करतं, कोणी बेळगावहून, कोणी हैदराबादहून, कोणी बडोद्याहून. मुलगा किंवा मुलगी बारावी झालेली असते, परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, वसतिगृहात राहायचं ठरलेलं असतं. आईवडील कॉलेज बघून आलेले असतात. मोठं गेट बघितलेलं असतं, गणवेशातले गार्ड बघितलेले असतात, कॅमेरे मोजलेले असतात. तरी मनात धाकधूक असते, म्हणून फोन. "साहेब, कॉलेज सुरक्षित आहे ना?"

मी विचारतो, "तुम्ही ऑफिसात काय विचारलंत?"

"विचारलं की. ते म्हणाले, आमच्याकडे तसं काही घडत नाही."

हे वाक्य ऐकून आईवडिलांना बरं वाटतं. मला मात्र काळजी वाटते. का वाटते, ते आज सांगतो. त्यासाठी आधी माझीच एक चूक सांगावी लागेल.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं एका निवासी कॉलेजात सुरक्षा अधिकारी होतो. कॉलेज कुठलं ते महत्त्वाचं नाही. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं असायचं. तिथून मुलींच्या वसतिगृहाकडे जाणारा चारशे-साडेचारशे मीटरचा रस्ता कुंपणाच्या भिंतीलगत होता. बांधकामाच्या ट्रकसाठी भिंत एका जागी पाडलेली होती, ती तशीच राहिली होती.

एका संध्याकाळी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मैत्रिणीला घेऊन माझ्या खोलीत आली. म्हणाली, "सर, दोन दिवस एक माणूस मोटरसायकल घेऊन त्या भिंतीच्या खिंडारापाशी उभा असतो. काल माझ्या मागे वळणापर्यंत आला."

मी लगेच हाललो. इलेक्ट्रिशियनला बोलावून बंद पडलेले दोन दिवे सुरू करून घेतले. मुख्य गेटवरचा एक गार्ड रात्री नऊ ते बारा तिथे लावला. दोन रात्री स्वतः फेरी मारली. कोणी दिसलं नाही. मुलीला सांगितलं, "बेटा, काळजी करू नकोस, बंदोबस्त केलाय." प्राचार्यांना फोनवर म्हणालो, "किरकोळ होतं, मिटवलं." आठवड्याने कॉलेजात पाहुणे येणार होते, तो गार्ड परत गेटवर गेला. कागदावर मी एक ओळही लिहिली नाही.

पुढे तीन आठवड्यांनी त्याच वळणावर पहिल्या वर्षाच्या एका मुलीची बॅग मोटरसायकलवरच्या माणसाने हिसकली. पट्टा हातात अडकला, ती फरफटत गेली. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. तिचे वडील रात्रभर रेल्वेने प्रवास करून दुसऱ्या राज्यातून आले. प्राचार्यांच्या खोलीत बसल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यापूर्वी इथे असं काही झालं होतं का?"

कार्यालयातल्या एका वरिष्ठांनी उत्तर दिलं, "नाही हो. आमच्याकडे तसं काही घडत नाही. ही पहिलीच घटना."

मी त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो.

पुढच्या दोन दिवसांत मी चौकशी केली. त्या माणसाबद्दल एकूण चार मुलींनी सांगितलं होतं. एकीने मला, एकीने वॉर्डन मॅडमना, एकीने वर्गशिक्षकांना आणि एकीने रात्रीच्या गार्डला. प्रत्येकाने आपापल्या परीने धीर दिला होता. कोणीही कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून चौघांपैकी प्रत्येकाला वाटलं की हे एकदाच घडलंय. आणि जिने वॉर्डन मॅडमना सांगितलं होतं, तिच्या मोबाइलमध्ये त्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे होते. ते तिला कोणी विचारलेच नव्हते. पोलिसांना ते मिळाल्यावर माणूस चार दिवसांत सापडला.

त्या संध्याकाळी मी इस्पितळात गेलो आणि मुलीच्या वडिलांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "हे लिहून द्याल का?" मी लिहून दिलं. तेव्हा लिहिलं, पण तीन आठवडे उशिरा.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल, तर मी फौजेतला माणूस असूनही हे झालं याची. आमच्याकडे गार्डरूममध्ये नोंदवही असते. संतरीने रात्री दोन वाजता तारेपलीकडे बॅटरीचा उजेड बघितला, तर तो लिहायचा. कुत्रं निघालं तरी लिहायचं. सकाळी ती वही अधिकाऱ्यापुढे जाते. एका रात्रीची नोंद क्षुल्लक दिसते, पण पाच रात्रींच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं, उजेड रोज दोनच्या सुमाराला आणि एकाच कोपऱ्यात येतोय. मग तिथे काय करायचं ते कळतं. ही साधी गोष्ट मी आयुष्यभर जवानांना शिकवली आणि कॉलेजात आल्यावर विसरलो. कॉलेज म्हणजे घर, घरातल्या गोष्टी घरात मिटवायच्या, असं मलाही वाटायला लागलं होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. कॅम्पस किती सुरक्षित आहे हे भिंतीच्या उंचीवरून कळत नाही. तिथे छोटी तक्रार लिहिली जाते का आणि ती योग्य माणसापर्यंत पोचते का, यावरून कळतं. हे नुसतं माझं मत नाही. आपल्या कायद्यांनीही तेच धरलेलं आहे. ते कायदे आईवडिलांना आणि मुलांना माहीत नसतात, म्हणून आता एकेक बघू.

रॅगिंग: २४ तासांचा नियम

तमिळनाडूत १९९६ साली अण्णामलई विद्यापीठात वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी पोन नवरसु याचा खून झाला. त्यानंतर त्या राज्याने १९९७ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्यातलं एक कलम प्रत्येक प्राचार्यांच्या टेबलावर लावून ठेवावं असं आहे. रॅगिंगची तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने हे केलं नाही, टाळाटाळ केली, तर त्याने रॅगिंगला साथ दिली असं कायदा मानतो आणि त्यालाही तीच शिक्षा लागू होते. ती दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीनंतर गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, रॅगिंगविरोधी नियम आले. ते देशभर लागू आहेत. त्यांत म्हटलंय की रॅगिंगची माहिती मिळाल्यावर त्यात फौजदारी गुन्हा दिसत असेल, तर संस्थेच्या प्रमुखाने २४ तासांच्या आत पोलिसांत एफआयआर दाखल करायचा. मुलाने किंवा पालकांनी करायची वाट बघायची नाही. माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं आणि माहिती दिली म्हणून त्याला त्रास होऊ द्यायचा नाही, हेही त्याच नियमांत आहे. हेल्पलाइन चोवीस तास चालते: १८००-१८०-५५२२.

प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि तुमच्या मुलाने रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरलेलं असतं. घाईत न वाचता सही करू नका. मुलाला शेजारी बसवून वाचा. त्यात त्याची जबाबदारी आहे, तशीच संस्थेची जबाबदारी काय आहे हेही त्याला तेव्हाच समजावून सांगा.

लैंगिक छळ: अंतर्गत समिती

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आणि उच्च शिक्षण संस्थांसाठी यूजीसीचे वेगळे नियम २०१५ चे. प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष महिला असते, निम्म्या किंवा त्याहून अधिक सदस्य महिला असतात आणि एक सदस्य संस्थेबाहेरची असते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही समितीत बसतात. २०१५ च्या नियमांत विद्यार्थिनींबरोबर मुलांचा आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही विचार केलेला आहे.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या.

एक, समेट तक्रारदार मुलीने स्वतः मागितला तरच होतो आणि पैसे देऊन समेट करता येत नाही. "दोघांचंही करिअर आहे, मिटवून टाका" असं वडीलधाऱ्यांनी समजावणं म्हणजे समेट नव्हे.

दोन, अंतर्गत समिती पोलिसांच्या जागी नसते. दोन्ही वाटा एकाच वेळी मोकळ्या असतात. मुलीला पोलिसांत जायचं असेल, तर तिला मदत करणं हे संस्थेचं कायदेशीर कर्तव्य आहे. "आधी समितीचा अहवाल येऊ द्या, मग बघू" हे उत्तर नियमात बसत नाही.

अठरा वर्षांखालची मुलं

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला आपण ज्युनिअर कॉलेज म्हणतो आणि ते बहुतेक वेळा पदवी कॉलेजाच्याच आवारात असतं. एकच गेट, एकच कँटीन, एकच जिना. तिथली मुलं सोळा-सतरा वर्षांची, म्हणजे कायद्याने बालक. त्यांच्याबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं. माहीत असून न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षक, वॉर्डन, गार्ड, कोणालाही यातून सूट नाही. "आतल्या आत बघतो" म्हणण्याचा अधिकारच इथे कोणाला नाही.

पोलीस ठाण्यात

आता सगळ्यांना भीती वाटते त्या जागी जाऊ. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम १७३ पाठ करून ठेवा.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाचीही असो. यालाच शून्य एफआयआर म्हणतात. ठाणं माहिती नोंदवतं आणि ज्याची हद्द त्याच्याकडे पाठवतं. तुमची मुलगी चेन्नईत शिकते आणि तुम्ही इंदूरला आहात, तर तुम्ही इंदूरच्या ठाण्यातही माहिती देऊ शकता. परराज्यात मुलं ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा फार आधार आहे, आणि नेमकं हेच कोणाला माहीत नसतं.

तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं असतं, वाचून दाखवायचं असतं आणि मग सही घ्यायची असते. दुसऱ्या राज्यात हे फार महत्त्वाचं. कन्नडमध्ये किंवा तमिळमध्ये लिहिलेल्या कागदावर आपली मुलं घाबरून सही करून मोकळी होतात. सांगा, "मला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा." सोबत तिथली भाषा जाणणारा मित्र किंवा शिक्षक असू द्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. माहिती ऑनलाइनही पाठवता येते. तीन दिवसांत जाऊन सही करायची, की ती नोंदली जाते. बलात्कार, विनयभंगासारख्या गुन्ह्यांत मुलीची माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते.

पोलीस नोंदवायला तयार नसतील, तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवायची. तिथेही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलंय की माहितीत दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या संहितेत एक भर पडली आहे. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने पोलीस आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यामुळे "चौकशी चालू आहे" असं उत्तर मिळालं तर तारीख लिहून ठेवा आणि चौदा दिवसांनी पुन्हा जा.

आणखी एक फसगत नेहमी होते. ठाण्यातून एक चिठ्ठी मिळते आणि मुलांना वाटतं एफआयआर झाला. महाराष्ट्रात एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तमिळनाडूत सीएसआरची पावती देतात. बंगालमध्ये जीडी एन्ट्री करतात. हे कागद निरुपयोगी नाहीत, जपून ठेवावेत. पण त्यांवरून तपास सुरू होतोच असं नाही. एफआयआरच्या कागदावर गुन्ह्याचा क्रमांक आणि कायद्याची कलमं असतात, ती बघून घ्या.

वेळ का महत्त्वाची

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली तेव्हा न्यायालयाने जे प्रश्न विचारले, त्यांत एक होता: एफआयआर नोंदवायला इतका उशीर का झाला? त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य खात्याने आदेश काढला की कामावरच्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा झाली, तर संस्थेच्या प्रमुखाने जास्तीत जास्त ६ तासांत संस्थेच्या वतीने एफआयआर दाखल करायचा.

तासांचा हिशेब यासाठी की पुरावा टिकत नाही. कॅमेऱ्यांचं उदाहरण घ्या. कॉलेजांना कॅमेऱ्यांचा मोठा अभिमान असतो. पण रेकॉर्डिंगची जागा भरली की जुन्यावर नवं चढतं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात जुनं पुसलं जातं. म्हणून घटना घडली की त्याच दिवशी प्राचार्यांना अर्ज द्यायचा: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक जागा, हे रेकॉर्डिंग काढून सुरक्षित ठेवावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. मोबाइलवरचे मेसेज पुसू नयेत. नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ मेसेज घालवू नयेत, कारण न्यायालयात मूळ साधन लागू शकतं. शारीरिक अत्याचार झाला असेल तर आंघोळ न करता, कपडे न धुता आधी इस्पितळ गाठायचं. अशा पीडितांवर मोफत उपचार करणं सरकारीच काय, खासगी इस्पितळांवरही बंधनकारक आहे. पोलिसांचा कागद आणा मग बघतो, असं त्यांना म्हणता येत नाही.

गार्ड काय करू शकतो

गेटवरच्या गार्डकडून लोक पोलिसाची अपेक्षा करतात. तो पोलीस नाही. त्याचे अधिकार तुमच्या-माझ्याइतकेच. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर सामान्य नागरिक गुन्हेगाराला पकडू शकतो, तसा तोही पकडू शकतो. पण विनाकारण वेळ न घालवता, आणि फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. पकडून मारणं, खोलीत कोंडून माफीनामा लिहून घेणं हा गुन्हा आहे. मी अशा माफीनाम्यांची एक फाइलच बघितली आहे. ती बघून मला वाटलं होतं, चला, शिस्त आहे. आज वाटतं, त्यातले निम्मे कागद तरी पोलीस ठाण्यात असायला हवे होते.

गार्डचं खरं काम बघणं, लिहिणं आणि कळवणं. बारा-बारा तास उभ्या असलेल्या, तुटपुंज्या पगारावरच्या माणसाच्या हातात वही दिलीत आणि त्याने लिहिलेलं सकाळी कोणी वाचलं, तर तो चार कॅमेऱ्यांचं काम करतो. वाचलं नाही, तर तो आठवड्यात लिहिणं बंद करतो. ही माणसाची चूक नसते.

आकडे लपवायचे की दाखवायचे

अमेरिकेत १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीवर वसतिगृहातल्या तिच्या खोलीत बलात्कार करून तिचा खून झाला. करणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. इमारतीची आपोआप बंद होणारी दारं मुलांनी सोयीसाठी अडकवून उघडी ठेवलेली होती. कॅम्पसवर आधी घडलेल्या गुन्ह्यांची आपल्याला कल्पनाच दिली गेली नव्हती, हे आईवडिलांना नंतर कळलं. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. पुढे त्याला तिचं नाव दिलं गेलं. त्या कायद्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला मागच्या तीन वर्षांत कॅम्पसवर कुठले गुन्हे नोंदले गेले, याचा अहवाल दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावा लागतो. धोका चालू असेल तर विद्यार्थ्यांना वेळेवर सावध करावं लागतं.

आपल्याकडे असा कायदा नाही. अंतर्गत समितीकडच्या प्रकरणांची वार्षिक माहिती यूजीसीला द्यायची असते, पण गेटवर किंवा माहितीपुस्तिकेत पालकांना आकडे दाखवायचं बंधन नाही. त्यामुळे शून्य आकडा हीच शोभा समजली जाते. मी त्या घटनेनंतर कॉलेजात एकच वही सुरू केली. गार्ड, वॉर्डन, शिक्षक, कोणालाही काही कळलं तरी चोवीस तासांत त्या वहीत नोंद. मुलीचं नाव वहीत नाही, ते बंद पाकिटात. दर सोमवारी प्राचार्य आणि मी ती वाचायचो. पहिल्या सहा महिन्यांत नोंदी इतक्या वाढल्या की व्यवस्थापनाच्या बैठकीत मला विचारलं गेलं, "तुम्ही आल्यापासून प्रकार वाढले की काय?" मी सांगितलं, "प्रकार तेवढेच आहेत, आता ते आपल्याला कळतात." सगळ्यांना पटलं असं नाही. पण भिंतीचं खिंडार त्या महिन्यात बुजवलं गेलं, कारण वहीत त्याची सात वेळा नोंद झाली होती.

तर मग प्रवेशाच्या दिवशी काय विचाराल

"कॉलेज सुरक्षित आहे का?" हा प्रश्न विचारू नका. त्याला एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी हे विचारा: गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं? अंतर्गत समितीच्या आणि रॅगिंगविरोधी समितीच्या सदस्यांची नावं-नंबर कुठे लावलेत? रात्री दोन वाजता मुलीने फोन केला तर उचलणारा माणूस कोण? कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं? जवळचं पोलीस ठाणं कुठलं? मग संध्याकाळी अंधार पडल्यावर ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत स्वतः चालत जा.

मुलांच्या मोबाइलमध्ये ११२ हा आणीबाणीचा, १८१ हा महिलांसाठीचा आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर घालून द्या. आणि निघताना त्यांना एक वाक्य सांगा. मी माझ्या नातीला सांगितलं तेच: "काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला फोन कर. ओरडा नंतर." कारण कॉलेजइतक्याच गोष्टी आपणही दाबतो. मुलीचं नाव होईल, लग्नात अडचण येईल, वर्ष वाया जाईल, असं म्हणत तक्रार मागे घ्यायला लावणारे आईवडील मी डोळ्यांनी बघितले आहेत. मुलीला वाटतं, गुन्हा आपलाच झाला.

त्या मुलीचं मनगट जुळलं. त्या सत्राची प्रात्यक्षिकं मात्र बुडाली, ती तिने पुढच्या वर्षी दिली. तिच्या वडिलांना मी लिहून दिलेल्या कागदाची एक प्रत माझ्याकडे अजून आहे.

या वर्षी कॉलेज बघायला जाल तेव्हा कोणी म्हणालं, "गेल्या वर्षी आमच्याकडे अकरा तक्रारी आल्या, त्यांतल्या दोन पोलिसांत दिल्या," तर घाबरून उठू नका. खुर्ची पुढे ओढा आणि त्या अकराही तक्रारींचं काय झालं ते ऐकून घ्या.

जय हिंद.